मोठा धान्यपोखर भुंगेरा: मक्याच्या वाटांच्या नोंदी

१० जून २०२५

आजपासून कामाला रीतसर सुरुवात. प्रश्न असा: मोठा धान्यपोखर भुंगेरा आपल्याकडे शिरला, तर तो कुठे तग धरेल आणि तिथून पुढे कुठे जाईल? शास्त्रीय नाव प्रोस्टेफॅनस ट्रंकॅटस. आपल्या गव्हा-तांदळात जो बारीक भुंगेरा सापडतो, रायझोपर्था, त्याच्याच कुळातला. अंगाने मोठा आणि उपद्रवाने कितीतरी मोठा.

मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा. तिथे त्याची फारशी बोंब नव्हती. १९८१ मध्ये टांझानियात त्याची ओळख पटली, आणि १९८४ मध्ये थेट खंडाच्या दुसऱ्या बाजूला, टोगोत. मधले हजारो किलोमीटर तेव्हा कोरे होते. म्हणजे उडत गेला नाही, दोन वेगवेगळ्या वेळी मालाबरोबर उतरला. टांझानियातल्या शेतकऱ्यांच्या कोठारांत काही महिन्यांत मक्याच्या वजनातली घट एक तृतीयांशापर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. सुक्या कसाव्यात (ज्या कंदाचा साबुदाणा होतो तो) तर घट ७० टक्क्यांपर्यंत गेली. खातो त्यापेक्षा पोखरतो जास्त. दाण्याचं पीठ करून ठेवतो.

भारतात त्याने अजून बस्तान बसवलेलं नाही. म्हणूनच हा उद्योग आत्ता करायचा.

आम्ही तिघं. सर, ज्यांनी अख्खी नोकरी धान्यकीटकांत घालवली. एमएस्सीचा एक विद्यार्थी, जो पायाला भिंगरी लावून फिरतो. आणि मी: भुंगेरा ओळखायला मला सर लागतात, नकाशे मात्र मला जमतात.

१३ जून

जीबीआयएफवरून, म्हणजे कोणता जीव कुठे सापडला याच्या जागतिक खुल्या साठ्यावरून, नोंदी उतरवल्या. उतरवणं सोपं, निवडणं कटकटीचं. काही ठिपके समुद्रात, शून्य अक्षांश-शून्य रेखांशावर. काही बरोबर देशाच्या मध्यावर, कारण कुणीतरी नुसतं देशाचं नाव टाकलं आणि संगणकाने मध्यबिंदू धरला. काही संग्रहालयाच्या पत्त्यावर: किडा पकडला एका देशात, टाचणीला लागला दुसऱ्याच.

सरांनी आणखी एक चाळण लावली. बंदरावर किंवा गोदामात एकदाच पकडलेले, पण पुढे कधी न सापडलेले नमुने बाजूला काढायचे. ते दिसले म्हणजे तिथे नांदले असं नाही. बाजूला काढलेली यादी मी फेकलेली नाही. माल कुठून कुठे जातो हे त्यातूनच कळणार आहे.

१८ जून

पार्श्वभूमीचे बिंदू कुठून घ्यायचे यावर अर्धा दिवस गेला. मॅक्सएंट म्हणजे सापडलेल्या ठिकाणांच्या हवामानावरून किडा आणखी कुठे राहू शकेल ते काढणारं मॉडेल. त्याला किडा कुठे आहे हे सांगावं लागतं. कुठे नाही हे त्याला माहीत नसतं, म्हणून आसपासच्या प्रदेशातले बिंदू तुलनेला द्यावे लागतात. सगळं जग दिलं तर सहारा, सैबेरिया, ग्रीनलंड सगळे तुलनेला येतात आणि कोणतंही मॉडेल हुशार दिसतं. मेक्सिकोतला किडा सैबेरियात नसतो हे सांगायला संगणक कशाला हवा?

मेक्सिको, मध्य अमेरिका आणि सहाराच्या दक्षिणेची आफ्रिका एवढंच ठेवलं. जिथे किड्याला पोचायची संधी मिळाली, तिथलीच तुलना खरी.

दुसरी अडचण ठिपक्यांच्या गर्दीची. केनिया, बेनिन, घाना इथे गंधसापळे लावून वर्षानुवर्षं अभ्यास झाला, म्हणून तिथे ठिपके दाट. ते किड्यांपेक्षा माणसांच्या उत्साहाचे ठिपके आहेत. विरळणी केली, म्हणजे दाटीतले ठिपके कमी केले, आणि पार्श्वभूमीचे बिंदूही त्याच भागातल्या इतर धान्यकीटकांच्या नोंदींवरून घेतले. शोधणाऱ्यांचा कल दोन्ही बाजूंना सारखा पडला की निदान तो तरी कटतो.

हवामानाचे थर वर्ल्डक्लिम या जागतिक हवामान-नकाशांच्या संचातले, १९७० ते २००० ची सरासरी. त्यातल्या एकोणीस बायोक्लिम चलांपैकी (तापमान-पावसावरून काढलेले आकडे) ८, ९, १८ आणि १९ सरळ गाळली. तापमान आणि पाऊस एकत्र गुंफून ती काढतात, त्यामुळे नकाशावर मध्येच शिवण दिसते: अलीकडे एक आकडा, शेजारच्याच चौकटीत भलताच, आणि प्रत्यक्षात तिथे ना डोंगर ना नदी. उरलेल्यांतली एकमेकांची नक्कल करणारी काढली. बाष्पदाबाचा थर आत घेतला, कारण धान्याच्या किड्याला नुसता पाऊस कळत नाही, दमटपणा कळतो.

२४ जून

पहिला नकाशा आला. एयूसी, म्हणजे मॉडेल जागा किती नीट वेगळ्या ओळखतं याचा एकपैकी गुण, ०.९ च्या पुढे नाही, आणि त्याचं मला वाईट वाटलेलं नाही. पार्श्वभूमी आवळल्यावर तो उतरायचाच. खरी गोष्ट नकाशात आहे. दख्खन, किनारपट्ट्या, गुजरात, माळवा, बिहार, बंगाल: सगळीकडे लाल-नारिंगी. उंच हिमालय आणि वाळवंटाचा काही भाग सोडला तर भारतभर "येऊ शकतो".

विद्यार्थी खूश. सरांनी चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "हे सांगायला मॉडेल लागलं?"

बरोबर आहे त्यांचं. हा किडा ३२ अंश सेल्सिअस आणि ७० ते ८० टक्के आर्द्रतेत अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंत साधारण पंचवीस दिवसांत पोचतो. हे हवामान म्हणजे आपला नेहमीचा उकाडा. जो नकाशा सगळीकडे हो म्हणतो, त्यावरून पहारा कुठे बसवायचा ते ठरत नाही. हवामान फक्त दार उघडं आहे एवढं सांगतं. आत कोण, कशातून, कुठवर जाईल हे मक्याच्या व्यापारावर आणि साठवणीवर ठरणार, आणि ते थर वर्ल्डक्लिममध्ये मिळत नाहीत.

२६ जून

सरांनी खापरा भुंगेऱ्याची उदाहरणं दिली, ती लिहून ठेवते.

खापरा आपल्याच उपखंडातला आणि जगात सगळ्यात जास्त धास्ती घेतली जाते ती त्याची. कोरडी उष्णता त्याला मानवते. दमट किनाऱ्यावर सोंडे आणि रायझोपर्था त्याला वर येऊ देत नाहीत. आता हवामानाच्या नकाशावर इंग्लंड बघितलं तर खापऱ्याला तिथे जागा नाही. तरी तो इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षं राहिला, बिअरसाठी जव मोडवून भाजणाऱ्या माल्टच्या कारखान्यांत. बाहेर बर्फ पडो, आत भट्टीची ऊब होती. त्याच्या अळ्या फटींत शिरून उपाशीपोटी वर्षानुवर्षं पडून राहतात, ही त्याची दुसरी ताकद. कॅलिफोर्नियात १९५३ मध्ये सापडला तेव्हा अख्खी गोदामं ताडपत्रीत गुंडाळून मिथिल ब्रोमाईडची धुरी द्यावी लागली, आणि पूर्ण उच्चाटन व्हायला १९६६ उजाडलं.

धान्यकिड्याचं हवामान म्हणजे थप्पीच्या पोटातलं हवामान. आमच्या नकाशाची चौकट पाचेक किलोमीटरची, आणि किडा राहतो पोत्यात.

२ जुलै

वाशीचा दाणा बाजार. मशीद बंदरच्या दाणाबंदराचा घाऊक व्यापार पुढे इथे आला, तो हा. पाऊस यंदा मे अखेरीसच आल्याने गाळ्यांसमोर आत्ताच शेवाळ धरलंय.

विद्यार्थ्याच्या ओळखीच्या एका शेठनी गाळ्यात बसवलं, चहा मागवला आणि आधी विचारलं, "ताई, नाव नाही ना छापणार?" नाही म्हटल्यावर मोकळे झाले. भाव सांगताना त्यांच्या तोंडी सहज आलं: गजरी, मटवारा, अरुषा, मलावी, लेमन. सगळी आयात तूर. लेमन म्यानमारची, बाकी पूर्व आफ्रिकेची. मोझांबिकबरोबर २०१६ मध्ये तुरीचा करार झाला, तो पुढे वर्षाला २ लाख टनांवर गेला; मलावीबरोबर २०२१ मध्ये वर्षाला ५० हजार टनांचा. अरुषा आणि मटवारा तर टांझानियातलीच ठिकाणं. मोझांबिक, मलावी, टांझानिया तिन्हीकडे हा किडा घट्ट बसलेला आहे, आणि तिथून कंटेनर निघतो तो न्हावाशेवाला उतरतो.

आता कुणी म्हणेल, तुरीत त्याचं काय काम? त्याची वीण मक्यावर आणि सुक्या कसाव्यावर. खरं आहे. पण प्रवासाला वीण लागत नाही, लपायला जागा लागते. हा मुळात लाकूड पोखरणाऱ्यांच्या कुळातला. लाकडाच्या फळीत, खोक्यात, तळाच्या प्लायवूडच्या सांध्यात बसून येऊ शकतो.

गाळ्याच्या मागे रिकाम्या केलेल्या मालाची झाडलोट पडली होती. शेठच्या परवानगीने ती चाळली. वरच्या चाळणीत तूर, काड्या, सुतळीचे तुकडे आणि मक्याचे चार दाणे. तूर आफ्रिकेची, मका कुठला ते शेठना सांगता येईना. कंटेनरच्या फटीतला असेल, बारदान आधी मक्याला वापरलं असेल, नाहीतर शेजारच्या गाळ्यातून लवंडला असेल. चारही दाणे शाबूत होते. खालच्या चाळणीत तांबडे पीठभुंगेरे, दोन सोंडे, आणि पांढऱ्या अंड्यांचे ठिपके चिकटलेली तुरीची पाकळी, म्हणजे कडधान्यातला नेहमीचा भुंगेरा. आमचा पाहुणा नाही.

जाताना एका माथाडी काकांशी बोलले, साताऱ्याकडचे. किडलेला माल कसा ओळखता विचारलं, तर म्हणाले, "पाठीला कळतं की. पोतं आतनं तापल्यालं आसतं. बाहेर पाऊस आन् पाठीवर ऊन. मग शेठला सांगायचं, ह्या थप्पीत काम झालंय." किडे वाढले की त्यांच्या श्वसनाने धान्य तापतं, हे पुस्तकात असतं. आमच्या मॉडेलला मात्र ती थप्पी बाहेरच्या हवेइतकीच थंड वाटते.

६ जुलै

आषाढी, रविवार. घरात सकाळपासून साबुदाणा भिजतोय आणि माझ्या डोक्यात सेलम.

आपला उपासाचा साबुदाणा कसाव्याच्या कंदाचा, आणि त्याचा मोठा उद्योग तमिळनाडूत सेलमभोवती. केरळातही कसावा उकडून, वाळवून ठेवतात. सुका कसावा हे या किड्याचं दुसरं आवडतं खाद्य. आणि सेलमला खेटून नामक्कल, अंडी-कोंबड्यांचा बालेकिल्ला, जिथे खाद्यासाठी लांबून मका येतो. मका आणि कसावा असे हाताच्या अंतरावर देशात दुसरीकडे क्वचितच असतील. हवामानाच्या नकाशावर सेलम-नामक्कल हे नारिंगी पट्ट्यातले दोन साधे ठिपके आहेत. आजूबाजूच्या दहा जिल्ह्यांहून वेगळं काही दिसत नाही.

पुढच्या आठवड्यात विसाव्या पशुगणनेचे जिल्हावार कोंबड्यांचे आकडे उतरवायचे.

११ जुलै

मेस काढला, म्हणजे मॉडेलने प्रशिक्षणात न बघितलेलं हवामान कुठे आहे याचा नकाशा. एलिथ, कर्नी आणि फिलिप्स यांनी २०१० मध्ये ही पद्धत मांडली. जिथे मेस उणे, तिथे मॉडेल अंदाजाने बोलतंय.

पहिल्या फेरीत अख्खं कोकण उणे. जुलैत मुंबईत आठशे-नऊशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि केनिया-टांझानिया-मेक्सिकोच्या ठिपक्यांना असल्या पावसाची ओळख नाही. मग पश्चिम आफ्रिकेचा किनारा नीट आत घेतला. गिनीतही हा किडा पोचलेला आहे आणि कोनाक्रीला भर पावसाळ्यात महिन्याला हजार मिलिमीटरच्या वर पडतो. तेवढा भाग येताच कोकणावरचं बरंचसं उणे पुसलं गेलं. म्हणजे आपला पाऊस त्याला परका नाही.

पण सरांनी लगेच आवर घातला. पावसाने किडा मरतो की नाही हा प्रश्न गौण. पावसात मका काय होतो हा मुख्य. दमट हवेत मका ओल धरतो, बुरशी चढते, व्यापारी माल पटकन काढून टाकतो. मुंबईत मका मुक्कामाला नसतोच, फक्त वाटेत असतो. त्यामुळे मुंबई या किड्याची वस्ती होण्यापेक्षा त्याची उतरण्याची जागा ठरण्याची शक्यता जास्त. हे दोन धोके दोन वेगळ्या थरांत दाखवायचे, एकाच लाल रंगात कोंबायचे नाहीत.

१७ जुलै

जंगलाचा मुद्दा. मी तो टाळत होते, कारण त्याने सगळं किचकट होतं.

हा किडा कोठाराबाहेरही जगतो. केनियात कॉमिफोरासारख्या झाडांच्या वाळक्या फांद्यांत त्याची वीण दिसली. मेक्सिकोत एक शिंगकिडा स्पाँडियासच्या फांद्या गोल कुरतडून वाळवतो, आणि त्या वाळक्या फांद्यांत हा घर करतो. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तो सापळ्यात आला. तिथे ना शेत ना कोठार. म्हणजे गोदाम धुरीने साफ केलं तरी रानातून तो परत येतो, आणि एकदा रानात शिरला की कॅलिफोर्नियात खापऱ्याचं केलं तसं उच्चाटन विसरायचं.

आपल्याकडे कॉमिफोरा म्हणजे गुग्गुळ, कच्छ-राजस्थानात. स्पाँडियास म्हणजे अंबाडा. त्याच कुळातली शिमटी सह्याद्री आणि सातपुड्याच्या पानझडी रानांत मुबलक. ही झाडं त्याला चालतीलच असं आम्ही नकाशात गृहीत धरणार नाही. पण पानझडी जंगलाला लागून असलेला मक्याचा जिल्हा आणि उघड्या माळावरचा मक्याचा जिल्हा यांना सारखा गुणही देणार नाही.

आफ्रिकेत त्याच्यामागे त्याचा शत्रू नेऊन सोडला, टेरेट्रियस नायग्रेसेन्स नावाचा भक्षक भुंगेरा; टोगोत १९९१ मध्ये, केनियात १९९२ मध्ये. काही भागांत फरक पडला, काही भागांत नाही. इथे तो शत्रूही नाही.

२८ जुलै

साठवणीचा थर. या सगळ्या कामात माझ्या मते हाच थर सगळ्यात मोलाचा, आणि यालाच तयार आकडे नाहीत.

सोंड्याला दाणा सुटा असो वा कणसाला, फारसा फरक पडत नाही. या किड्याला पडतो. दाणा कणसात घट्ट बसलेला असला की त्याला पाय रोवून भोक पाडता येतं. सुट्या दाण्यात दाणा सरकतो आणि त्याची शक्ती वाया जाते. आफ्रिकेत मका कणसासकट मचाणावर साठवायची रीत, म्हणून तिथे त्याचं फावलं. आपल्याकडे बाजारात जाणारा मका खळ्यावरच मळणीयंत्रातून निघतो आणि पोत्यात भरतो. जालना, छत्रपती संभाजीनगर, नाशिककडचा मका असाच, कोंबडीखाद्याला आणि आता इथेनॉललाही. तो फार दिवस थांबत नाही.

पण सातपुड्यात मका विकायला नसतो, खायला असतो. विद्यार्थ्याने धडगावच्या एका ओळखीच्या दादांना फोन लावला. त्यांनी सांगितलं ते असं: चांगली कणसं निवडायची, वरची टरफलं मागे ओढून जोडीजोडीने बांधायची, आणि घरात आढ्याला, चुलीच्या धुराच्या वाटेवर टांगायची. बियाणं तेच आणि पावसाळ्यातलं खाणंही त्यातलंच. बाकीची कणसं बांबूच्या कणगीत. "किडा लागतो का?" "लागतो, पण धुराखालच्यांना कमी."

झाबुआ, दाहोद, बांसवाडा, डुंगरपूर, हिमाचलचे डोंगर, ईशान्येकडची घरं: मका पोटासाठी पिकतो तिथे कणसं टांगलेली दिसतात. बाजारात ज्यांचा मका दिसत नाही, म्हणून ई-नाम या सरकारी ऑनलाइन बाजाराच्या आकड्यांत जे जवळजवळ नाहीतच, त्यांचंच सगळ्यात जास्त नुकसान होणार. नुसत्या आवकेवर नकाशा काढला असता तर नंदुरबारचा डोंगराळ भाग पांढरा राहिला असता.

आणखी एक. आपण शेतकऱ्याला सांगतो, धान्य बारा टक्क्यांच्या खाली वाळवा, सोंडा लागणार नाही. हा किडा दहा टक्क्यांच्याही खालच्या मक्यात वाढतो. वाळवणं चालूच ठेवायचं, पण त्याच्या भरवशावर बसता येणार नाही.

४ ऑगस्ट

ॲगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावरची बाजारनिहाय मक्याची आवक उतरवली. जिल्ह्यांच्या नावांच्या स्पेलिंगांनी जीव काढला. एवढंच.

१९ ऑगस्ट

कालपासून पाऊस कोसळतोय, हार्बर लोकल बंद. घरीच बसून वाटांचं जाळं बांधलं.

हिशोब सोपा ठेवलाय. एका टोकाला मका निघणारे बाजार, दुसऱ्या टोकाला मका ओढणारे जिल्हे (कोंबड्या, स्टार्च, इथेनॉल), मध्ये रस्त्याचं अंतर. आवक आणि मागणी जितकी मोठी तितका ओघ जास्त, अंतर वाढलं की कमी. शिरकावाच्या जागा तीन प्रकारच्या: आफ्रिकेचा माल उतरणारी बंदरं, परदेशी मका उतरणारी बंदरं आणि जमिनीवरच्या सीमा. २०२४ मध्ये म्यानमार आणि युक्रेनहून मका आला. दोन्हीकडे या किड्याचं बस्तान नाही, त्यामुळे तो मार्ग आज हलका धरला. इथेनॉलची भूक वाढली आणि उद्या मका दुसऱ्या देशातून आला, तर हाच थर आधी बदलावा लागेल, म्हणून तो वेगळा ठेवलाय.

सरांना वाटतं परतीच्या गाड्यांकडे बघायला हवं. न्हावाशेव्याहून तूर घेऊन अकोला-लातूरच्या डाळमिलला गेलेला ट्रक रिकामा परत येत नाही. वाटेत मिळेल तो माल भरतो, कधी मका. एकच ट्रक, एकच ताडपत्री, फळीतल्या त्याच फटी. तूर आणि मका कागदावर वेगळे, ट्रकच्या हौद्यात नाहीत. हे मला एकटीला सुचलं नसतं.

२५ ऑगस्ट

चार थर एकत्र: हवामान, शिरकाव, ओघ, साठवण. गुणाकाराने जोडले, बेरजेने नाही. बेरजेत एक थर शून्य असला तरी बाकीचे त्याला वर ओढतात. गुणाकारात मकाच नसेल तर धोकाही नाही.

हवामानाचा एकसारखा लाल गालिचा मोडला. वर आले ते तुकडे. न्हावाशेवा-पनवेल-भिवंडीची गोदामपट्टी, शिरकावासाठी. नामक्कल-सेलम, मका आणि कसावा दोन्हींसाठी. धुळे-नंदुरबारपासून झाबुआ-दाहोदपर्यंतचा पट्टा, कणसांसाठी. तिथे शिरकावाची शक्यता कमी, पण शिरला तर बाहेर काढणं सगळ्यात अवघड. दावणगेरेभोवतीचा मक्याचा पट्टा ओघामुळे. बिहारमधलं गुलाबबाग, मक्याचा मोठा बाजार, माझ्या अंदाजापेक्षा खाली राहिलं, कारण बंदरं लांब.

थरांचे वजन थोडे हलवून पुन्हा पुन्हा चालवलं. दावणगेरे वर-खाली होतं. नामक्कल-सेलम आणि आमची गोदामपट्टी जागच्या हलत नाहीत. सापळे आधी तिथेच.

परवा गणपती. आठवडाभर कुणी फोन उचलणार नाही, मीही नाही.

८ सप्टेंबर

ओळखीचा सराव. सरांनी टेबलावर तीन चकत्या ठेवल्या आणि आम्हाला सूक्ष्मदर्शकाखाली ढकललं.

पहिला रायझोपर्था, वाशीच्या गव्हातला: दोन-तीन मिलिमीटर, नळकांड्यासारखा, डोकं छातीच्या कवचाखाली दडलेलं, पाठीचा शेवट गोलाकार उतरता. दुसरा बांबूचा भुंगेरा, डायनोडेरस, सरांच्या सोसायटीच्या रंगकामाच्या परांचीतून आणलेला. मुंबईत इमारतीला बांबू लागले की खाली जी पिवळट पूड पडते ती याचीच. छातीच्या मागच्या कडेला दोन उथळ खळगे, ते याची खूण. तिसरा जुना संग्रहातला नमुना, मोठा धान्यपोखर: तीन ते साडेचार मिलिमीटर, काळपट, आणि पाठीचा शेवट सुरीने कापल्यासारखा सपाट, दोन्ही कडांना उठलेली धार. वरून बघितलं तर मागची बाजू चौकोनी दिसते.

विद्यार्थ्याने बांबूचा भुंगेरा दोनदा धान्यपोखर म्हणून पुढे केला. सर म्हणाले, सापळ्यात हाच गोंधळ होणार, आणि मुंबईत बांबू पावलोपावली. म्हणून नियम ठरला: पाठीचा फोटो बाजूने आणि वरून, दोन्ही असल्याशिवाय कुणीही "सापडला" म्हणायचं नाही. खोटी हाकाटी झाली तर व्यापारी आम्हाला गाळ्यात पाय ठेवू देणार नाहीत, आणि त्यांचं चुकलं असंही म्हणता येणार नाही.

१६ सप्टेंबर

खरिपाचा मका बाजारात यायच्या आत सापळे लागायला हवेत.

गंध नराचा: नर खाद्य सापडलं की तो सोडतो, आणि त्यावर नर-मादी दोघंही येतात. दोन घटकांचं कृत्रिम मिश्रण मिळतं. सापळा गोदामात लावायचा नाही, गोदामापासून निदान शंभर मीटर लांब; नाहीतर रानातला किडा आपणच बोलावून धान्यापर्यंत आणायचो. वाशीत शंभर मीटर मोकळी जागा शोधणं हा स्वतंत्र प्रकल्प आहे. खाडीकडची बाजू सरांनी नकाशावर खुणावलीय.

जागा ठरल्या त्या अशा. उरण रस्त्यावर कंटेनर यार्डांच्या बाहेर, झाडीच्या कडेला. कळंबोलीला ट्रक थांबतात तिथे. वाशीला खाडीच्या बाजूला. भिवंडीत एका गोदामाच्या मालकाने कुंपणाबाहेरची जागा दिलीय, अट एकच, फलक लावायचा नाही. शिरपूरच्या पुढे धडगावच्या वाटेवरचा सापळा ते फोनवाले दादा सांभाळणार. दिवाळीला कणसं उतरतील तेव्हा एक टोपलीभर कणसं बघायला या म्हणालेत. नामक्कलसाठी सर तिथल्या आपल्या जुन्या विद्यार्थिनीशी बोलतायत.

सापळ्यात काही आलं तर पहिला फोन वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) केंद्राला, दुसरा सरांना. व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकायचा नाही, हे विद्यार्थ्याकडून दोनदा वदवून घेतलं. उरणचा सापळा शनिवारी लागतोय.